चाळीस हजारांच्या विद्यापीठात जावे की बाराशेंच्या महाविद्यालयात?

प्रश्न : लहानपणापासून मी एकाच शाळेत शिकले. वर्गात आम्ही पंचवीस जण होतो आणि ग्रंथपालांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे मला नावाने ओळखत. आता मला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला आहे. एक आहे सुमारे चाळीस हजार विद्यार्थ्यांचे विद्यापीठ आणि दुसरे आहे बाराशे विद्यार्थ्यांचे महाविद्यालय. मला भूशास्त्र शिकायचे होते, पण गेल्या वर्षभरात भाषाशास्त्राचे वेड लागले आहे. महाविद्यालयात भूशास्त्र आहे, भाषाशास्त्र नाही. बाबा म्हणतात, जागतिक क्रमवारीत इतके वरचे विद्यापीठ हातचे घालवायचे नसते. आई म्हणते, एवढ्या गर्दीत तू हरवून जाशील. दादा अशाच एका मोठ्या विद्यापीठात शिकला आणि पहिली दोन वर्षे तिथल्या एकाही प्राध्यापकाला त्याचे नाव ठाऊक नव्हते. प्रवेशेच्छूंसाठी ठेवलेल्या दिवशी मी विद्यापीठ पाहून आले, पण तिथले व्याख्यानगृह पाहूनच पोटात गोळा आला. वर्गात हात वर करून प्रश्न विचारण्याचा धीर मला आजही होत नाही. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रात विद्यापीठाचा आकडा आहे, महाविद्यालयाचा आकडा आहे, पण ज्या आकड्यांवर तुमचा रोजचा दिवस चालणार आहे त्यांपैकी एकही नाही. चाळीस हजारांपैकी बहुतेकांशी तुमचा कधी संबंधही येणार नाही. ते इतर इमारतींत, इतर वेळी, इतर विषय शिकत असतील आणि उपाहारगृहातील रांग सोडली तर त्यांचे असणे तुम्हाला जाणवणारही नाही. तुमचे विद्यापीठ म्हणजे पहिल्या वर्षाचे चार-पाच तास, एक विभाग आणि वसतिगृहातील एक मजला. हे तिन्ही आकडे दोन्ही ठिकाणचे मिळवल्याशिवाय तुलना सुरूच होत नाही. मोठ्या विद्यापीठातही भाषाशास्त्राच्या एका वर्षाला पस्तीसच विद्यार्थी असू शकतात आणि लहान महाविद्यालयातही सर्वांना सक्तीचा असलेला एखादा तास दीडशे जणांचा असू शकतो.

हे आकडे माहितीपत्रकात सापडतील असे मात्र समजू नका. माहितीपत्रकात ‘वर्गाची सरासरी पटसंख्या’ छापलेली असते आणि ती नेहमीच दिलासा देणारी असते. ती खोटी नसते. ती संस्थेच्या बाजूने मोजलेली असते. समजा, एका विभागाचे दहा कोर्स आहेत. नऊ कोर्सना प्रत्येकी वीस विद्यार्थी आहेत आणि दहाव्याला तीनशे वीस. एकूण नोंदणी पाचशे, कोर्स दहा, म्हणून सरासरी पटसंख्या ५०. आता तोच विभाग विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहा. पाचशे नोंदणींपैकी तीनशे वीस, म्हणजे ६४ टक्के, त्या एकाच मोठ्या सभागृहातील आहेत आणि प्रत्येकाला ‘तुमच्या वर्गात किती जण आहेत?’ असे विचारून सरासरी काढली तर ती २१२ येते. गर्दीचा वर्ग गर्दीचा असतो तो अधिक माणसे त्यात बसतात म्हणूनच, त्यामुळे विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारा वर्ग संस्थेच्या सरासरीपेक्षा मोठाच निघतो. स्कॉट फेल्ड आणि बर्नार्ड ग्रोफमन या अभ्यासकांनी १९७७ मध्ये नेमकी हीच विसंगती मांडली होती, तरीही सरासरीचा तो आकडा माहितीपत्रकांतून काही हटलेला नाही. शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाचेही असेच आहे. जे प्राध्यापक केवळ संशोधन करतात किंवा फक्त पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवतात, त्यांची गणना त्या प्रमाणात झाली आहे की नाही, हे विचारल्याशिवाय कळत नाही. तेव्हा विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला सरासरी विचारू नका. पहिल्या वर्षाच्या माझ्या एकूण तासांपैकी तीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांचे तास किती असतील आणि ते कोण घेईल, असे विचारा. याचे सरळ उत्तर देता आले नाही, तर तेही एक उत्तरच समजा.

तुम्हाला धसका बसला तो व्याख्यानगृहाचा. तीनशे जणांसमोरचे व्याख्यान ही आपोआप वाईट गोष्ट नव्हे, हे मी थोडे ठासूनच सांगेन. उत्तम तयारी करून आलेल्या वक्त्याचा एक तास तीनशे जणांत बसून ऐकणे हे वीस जणांच्या वर्गात कंटाळलेल्या शिक्षकाच्या टिपा उतरवून घेण्यापेक्षा कितीतरी चांगले. खरा प्रश्न व्याख्यान संपल्यावर सुरू होतो. त्याला जोडून ट्यूटोरियल, म्हणजे लहान गटाचा चर्चेचा तास, आहे का? ते घेणारी व्यक्ती सेमिस्टरभर तीच राहते की दर आठवड्याला बदलते? पुष्कळदा ही व्यक्ती प्राध्यापक नसून संशोधन करणारा विद्यार्थी असते, आणि त्यात बिघडत काही नाही, उलट आपण कुठे अडतो हे त्याला ताजे आठवत असते. मात्र त्याला शिकवण्याचे प्रशिक्षण दिले आहे का आणि त्याच्या कामावर कुणाची नजर आहे का, हे विचारायला हवे.

याहूनही सोपी कसोटी सांगतो. दोन्ही संस्थांत दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा आणि पहिल्या वर्षी तपासून परत मिळालेला त्याचा एखादा निबंध किंवा प्रयोगाचा अहवाल पाहायला मागा. समास पाहा. शेवटच्या पानावर नुसते गुण आहेत, की तिसऱ्या परिच्छेदाशेजारी ‘हा निष्कर्ष तुमच्या तक्त्यातून निघत नाही, पुन्हा पाहा’ असे कुणीतरी लिहिले आहे? आणि तो कागद किती आठवड्यांनी परत आला? तुमचे लिखाण कुणीतरी मनापासून वाचणार आहे की नाही, हे त्या एका कागदावरून जितके कळेल तितके कोणत्याही मार्गदर्शक फेरीतून कळणार नाही.

आता बाबांच्या क्रमवारीविषयी. क्रमवारीला काही अर्थ नाही असे मी म्हणणार नाही, पण ती काय मोजते हे त्यांनी एकदा तुमच्यासोबत बसून पाहावे. २००३ पासून प्रसिद्ध होणारी शांघायची जागतिक क्रमवारी घ्या. तिच्या १०० पैकी ३० गुण नोबेल पारितोषिक किंवा गणितातील फील्ड्स पदक मिळवलेले माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्यासाठी आहेत, २० गुण ज्यांच्या संशोधनाचा सर्वाधिक हवाला दिला जातो अशा संशोधकांसाठी, २० ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ या नियतकालिकांतील निबंधांसाठी आणि आणखी २० एकूण शोधनिबंधांसाठी. संस्थेच्या आकारमानाचा हिशेब करून दरडोई कामगिरी पाहणारे गुण उरतात ते फक्त १०. म्हणजे जिथे संशोधक अधिक, तिथे निबंध अधिक आणि तिथे गुणही अधिक. पदवीच्या पहिल्या वर्षाला कसे शिकवले जाते, याला या यादीत एकही गुण नाही. तुम्ही पुढे संशोधनाकडे वळलात तर अशा ठिकाणच्या प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि माणसे यांचा उपयोग निश्चित होईल, पण तो तिसऱ्या वर्षी आणि तोही तुम्ही त्यांच्यापर्यंत पोहोचलात तर. विद्यापीठाचे नाव मोठे असले म्हणजे त्या नावामागची माणसे तुमच्या वाट्याला येतीलच असे नाही, एवढे बाबांना सांगावे. तेवढ्यावर ते गप्प बसणार नाहीत याची मला कल्पना आहे.

आईची काळजी अधिक गंभीर आहे आणि ती जुनीही आहे. १९६४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विद्यार्थ्यांनी आंदोलन केले, तेव्हा विद्यार्थ्यांची नोंदणी ज्यांवर होई ती संगणकाची छिद्रित कार्डे हे त्यांच्या निषेधाचे एक चिन्ह बनले होते. ‘मी माणूस आहे, माझी घडी घालू नका’ अशा अर्थाच्या त्यांच्या घोषणेत त्या कार्डांवरच्या छापील सूचनेचीच टर उडवलेली होती. त्याच विद्यापीठाने पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातीलच सांताक्रूझ येथे नवा परिसर सुरू केला. त्याची आखणी आंदोलनाच्या आधीपासूनच चालू होती आणि विद्यापीठ वाढत जावे, पण विद्यार्थ्याला ते लहानच भासावे, या हेतूने त्याची रचना लहान लहान निवासी महाविद्यालयांत केली होती. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये ही पद्धत कित्येक शतकांची आहे. तेव्हा तुमचे विद्यापीठ आपल्या चाळीस हजारांची विभागणी कशी करते, हे पाहा. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एकत्र ठेवणारे वसतिगृह आहे का? त्याच पंचवीस-तीस जणांना दोन-तीन कोर्समध्ये एकत्र बसवण्याची सोय आहे का? मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत केलेला एक अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की मैत्री जुळण्यात दारांमधील अंतराचा वाटा फार मोठा होता. शेजारच्या घराशी मैत्री सर्वाधिक, मजल्याच्या दुसऱ्या टोकाशी सर्वांत कमी आणि जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरही ओळख. गर्दीत हरवणार की नाही, हे एकूण संख्येपेक्षा अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर अधिक ठरते. विद्यापीठात जाणार असाल तर पहिले वर्ष परिसरातील वसतिगृहातच काढा आणि सामाईक स्वयंपाकघर किंवा बैठकीची खोली असलेला मजला मागा. स्वतंत्र स्नानगृहाची महागडी खोली घेऊन दार लावून बसण्यापेक्षा ते तुमच्या फार कामी येईल.

आईच्या बाजूने आणखी एक गोष्ट नोंदवतो. रॉजर बार्कर आणि पॉल गंप या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील लहान-मोठ्या माध्यमिक शाळांचा अभ्यास करून १९६४ मध्ये दाखवून दिले होते की मोठ्या शाळांत उपक्रम अधिक असले, तरी लहान शाळांतील विद्यार्थी अधिक उपक्रमांत प्रत्यक्ष भाग घेत आणि जबाबदारीच्या जागाही त्यांना अधिक मिळत. कारण उघड आहे : नाटकाला आठ पात्रे लागतात आणि शाळेत मुले मोजकी असतात, तेव्हा लाजाळू मुलीलाही कुणीतरी ओढून नेते. अभ्यास शाळांचा होता, विद्यापीठांचा नव्हता, पण तुमच्या शाळेतील अनुभव याहून वेगळा नसावा. मोठ्या विद्यापीठात शंभर मंडळे असतील आणि त्यांपैकी एकही तुमच्या दारी येणार नाही.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की माझा कल लहान महाविद्यालयाकडे आहे. तसे नाही, कारण त्या बाजूची एक गोष्ट तुमच्या पत्रात निसटून गेली आहे. बाराशे विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात भूशास्त्राचे पूर्णवेळ शिक्षक किती असतील? बहुधा दोन किंवा तीन. त्यांतील एक वर्षभराच्या संशोधन रजेवर गेले की खनिजशास्त्राचा पुढचा कोर्स त्या वर्षी होत नाही, आणि ते वर्ष नेमके तुमचे तिसरे असू शकते. वर्षाआड होणारे ऐच्छिक विषय, एकाच शिक्षकाकडे चार-चार कोर्स, त्या शिक्षकाशी तुमचे जमले नाही तर पर्याय नाही, हे लहान जागेचे नेहमीचे प्रश्न आहेत. सगळे नावाने ओळखतात, यात सगळ्यांना सगळे कळते हेही आलेच. शाळेत जी ओळख चिकटली ती पुसून नव्याने सुरुवात करायची असेल, तर गर्दीचा फायदा असतो आणि अठराव्या वर्षी तो फायदा कमी लेखू नये. महाविद्यालयाकडे मागील तीन वर्षांत भूशास्त्राचे कोणते कोर्स प्रत्यक्षात शिकवले गेले, त्याची यादी मागा. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत छापलेली यादी नको, प्रत्यक्ष झालेल्या तासांची हवी.

आणि मुख्य म्हणजे तिथे भाषाशास्त्रच नाही. तुमचे मन दोन विषयांत आहे आणि त्यांपैकी एक विषय तुम्ही चाखण्याआधीच ताटातून काढून टाकणारी जागा निवडण्यात मला धोका दिसतो. मात्र विद्यापीठात दोन्ही विभाग आहेत म्हणून एकातून दुसऱ्यात सहज जाता येईल, हेही गृहीत धरू नका. पुष्कळ मोठ्या विद्यापीठांत प्रवेश विद्याशाखेनुसार मिळतो. विज्ञानातून मानव्यविद्यांत किंवा उलट जायचे झाले तर पुन्हा अर्ज करावा लागतो, पहिल्या वर्षाचे गुण पाहिले जातात आणि जागा शिल्लक असतील तरच बदल होतो. दोन्ही विषय एकत्र घेता येत असले, तरी भूशास्त्राचे प्रात्यक्षिक आणि भाषाशास्त्राचे ट्यूटोरियल वेळापत्रकात एकाच दुपारी येतात का, हे यंदाच्या वेळापत्रकात बोट ठेवून तपासा. कोर्सची ऑनलाइन नोंदणी कशी चालते, पहिल्या वर्षाला तिच्यात शेवटचा क्रमांक मिळतो का, भरलेल्या कोर्सची प्रतीक्षायादी पुढे सरकते का, हे प्रश्न रुक्ष आहेत, पण मोठ्या विद्यापीठातील निम्मी निराशा याच खिडकीवर जन्माला येते.

राहिला तुमचा संकोच. मोठे विद्यापीठ मागणाऱ्याला भरभरून देते आणि न मागणाऱ्याला जवळजवळ काहीच देत नाही, हे खरे आहे. पण मागण्यासाठी तीनशे जणांसमोर हात वर करावा लागतो, अशी जी तुमची समजूत दिसते, ती बरोबर नाही. मोठ्या सभागृहात हात वर करणारे तसेही मोजकेच असतात. तिथले खरे मागणे दुसऱ्याच जागी होते. विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी प्राध्यापकांनी राखून ठेवलेली आठवड्यातील एक-दोन तासांची वेळ असते, दार उघडे असते आणि परीक्षेचा आठवडा सोडला तर तिथे फारसे कुणी फिरकत नाही. एका माणसासमोर, कागदावर आधीच लिहून आणलेला एकच प्रश्न विचारणे हे तुमच्यासारख्या मुलीला वर्गापेक्षा सोपे जाण्याचाच संभव आहे. सुरुवातीला ‘व्याख्यानातील अमुक उदाहरण मला इथपर्यंत समजले, पुढची पायरी समजली नाही’ एवढे वाक्य पुरते. सेमिस्टरमध्ये दोन-तीनदा असे गेलात की नाव आपसूक लक्षात राहते, आणि तिसऱ्या वर्षी शिफारसपत्र मागायची वेळ येते तेव्हा तुम्हाला ओळखणारी दोन माणसे तरी असतात. दादाला एकदा प्रेमाने विचारा की त्या दोन वर्षांत तो किती वेळा असा कुणाच्या दारात उभा राहिला. दोष देण्यासाठी नव्हे. त्याच्या विद्यापीठाने ही सोय त्याला कधी नीट समजावून सांगितली होती का, हे त्यातून कळेल.

ज्यांनी मोठ्या विद्यापीठात जाण्यापूर्वी थांबून विचार करावा, असे विद्यार्थी माझ्या मते लाजाळू नसतात, तर अडचण आली की गप्प होणारे असतात. दोन तास बुडाले, मग लाज वाटून तिसरा बुडाला, मग विद्यापीठाची ईमेल उघडणे बंद झाले, असे ज्याचे होते त्याची दखल लहान महाविद्यालयात आठवड्याभरात कुणीतरी घेते. मोठ्या ठिकाणी ती कदाचित निकालाच्या दिवशीच घेतली जाते. शाळेतील तुमचा सर्वांत वाईट महिना आठवा. त्यात तुम्ही आपणहून कुणाकडे गेलात, की कुणीतरी येईपर्यंत थांबलात? हे उत्तर मला कळवायची गरज नाही, पण स्वतःला खरे द्या. आणि विद्यापीठाला विचारा की पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला नेमून दिलेला सल्लागार असतो का, एका सल्लागाराकडे किती विद्यार्थी असतात आणि हजेरी अचानक घसरली तर कुणाला कळते. सल्लागाराकडे पाचशे विद्यार्थी असतील, तर तो कागदावरचाच सल्लागार समजा. समुपदेशन केंद्रात पहिली भेट मिळायला किती दिवस लागतात, हेही त्याच पत्रात विचारून घ्या.

तुम्ही विद्यापीठ पाहिले ते पाहुण्यांसाठी सजवलेल्या दिवशी. आता पुन्हा जा, सेमिस्टरच्या मध्यावर, साध्या कामाच्या दिवशी आणि शक्यतो एकट्या. परवानगी घेऊन पहिल्या वर्षाच्या व्याख्यानाला मागच्या रांगेत बसा आणि पुढ्यातील किती जण ऐकत आहेत ते पाहा. तास संपल्यावर वक्त्याभोवती थांबणारे किती आहेत आणि तो त्यांच्यासाठी थांबतो की नाही, ते पाहा. मग भाषाशास्त्र विभागाच्या मजल्यावर जा. दारे उघडी आहेत की बंद, फलकावर पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी काही लावलेले आहे की सगळे संशोधकांसाठीच, विभागाच्या कार्यालयात ‘पुढच्या वर्षी येऊ इच्छिते’ म्हटल्यावर समोरची व्यक्ती मान वर करते का, हे तासाभरात दिसते. महाविद्यालयातही तेवढाच वेळ द्या, नाहीतर तुलना एकतर्फी होईल.

माझे मत विचारलेत म्हणून सांगतो. पहिल्या वर्षी भाषाशास्त्राची लहान ट्यूटोरियल असतील, विषय बदलण्याचा मार्ग नियमात स्पष्ट असेल आणि वसतिगृहात जागा मिळत असेल, तर विद्यापीठात जा. तुमच्या दोन विषयांपैकी कोणता खरा, हे ठरवायला तुम्हाला दोन्ही विभाग हवे आहेत आणि संकोचावर उपाय आहे. यांपैकी विषय बदलण्याचा मार्ग बंद असला आणि तुम्हाला प्रवेश भूशास्त्रासाठीच मिळालेला असला, तर विद्यापीठाचे मुख्य आकर्षणच उरत नाही; मग तपासलेले निबंध जिथे चांगले दिसले तिथे जावे, आणि ते बहुधा महाविद्यालय असेल. ‘आवडले नाही तर वर्षभराने बदलू’ या भरवशावर मात्र कोणताच प्रवेश घेऊ नका. बदली मिळते, पण पहिल्या वर्षाचे सगळे श्रेयांक नव्या ठिकाणी मान्य होतातच असे नाही, आणि ओळखी तर पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागतात.

प्रवेश निश्चित करण्याची मुदत तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. ती जवळ आली असेल आणि वरची चौकशी पूर्ण झालेली नसेल, तर दोन्ही प्रवेश कार्यालयांना आजच लिहून आठ-दहा दिवसांची वाढ मागा. कारण स्पष्ट लिहा. विभागाला भेट देऊन निर्णय घ्यायचा आहे, एवढे पुरे. वाढ मिळाली नाही, तर शुल्क भरण्यापूर्वी ते परत मिळण्याची शेवटची तारीख लेखी विचारून घ्या. आणि जिथे जाणार नाही, त्या ठिकाणी नकार कळवायला शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका, कारण त्यांची प्रतीक्षायादी त्या नकारावरच पुढे सरकते.